राष्ट्रप्रमुखाची कामगिरी जोखायची कशी?

दादरच्या आमच्या अभ्यास मंडळात दर महिन्याला एका परदेशी राष्ट्रप्रमुखाच्या कारभारावर चर्चा होते. सुरुवातीला ती नेहमी एकाच ठिकाणी अडकत असे: ज्याला तो नेता आवडतो तो यशाचे आकडे काढी, ज्याला आवडत नाही तो अपयशाचे, आणि गंमत म्हणजे दोघांचेही आकडे खरे असत. त्या अनुभवातून एक पद्धत बसत गेली. तिला एक दोनशेपानी वही आणि थोडा धीर एवढेच लागते.

सर्वप्रथम त्या नेत्याच्या हातात नेमके काय आहे, हे लिहून काढावे. लोकल रखडली म्हणून मुंबईकर नगरसेवकाला जाब विचारत नाही, कारण रेल्वे केंद्राची, पोलीस राज्याचे आणि गटारे महापालिकेची, हे त्याला पक्के ठाऊक असते. परदेशाचा विषय निघाला की मात्र हे भान सुटते. इटलीच्या पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी व्याजदर ठरवू शकत नाहीत, कारण युरो वापरणाऱ्या सर्व देशांसाठी तो फ्रँकफर्टची युरोपीय मध्यवर्ती बँक ठरवते. अमेरिकेच्या अध्यक्षांनाही तिजोरीतून खर्च करायचा तर काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, मंजुरी लागते. जे हातातच नाही, त्याचे श्रेय देऊ नये आणि दोषही देऊ नये.

त्यानंतर मोजणी कोणत्या दिवसापासून करायची ते ठरवावे, आणि सर्वाधिक फसगत इथेच होते. अर्जेंटिनाचे उदाहरण घेऊ. हाविएर मिलेई यांनी १० डिसेंबर २०२३ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेतली. त्या डिसेंबरात एका महिन्यात किमती २५.५ टक्क्यांनी वाढल्या होत्या आणि वर्षभराने, डिसेंबर २०२४ मध्ये, हीच मासिक वाढ २.७ टक्क्यांवर आली होती, असे त्यांचे समर्थक सांगतात. हे आकडे बरोबर आहेत. परंतु शपथविधीनंतर काही दिवसांतच मिलेई यांच्या सरकारने पेसो या तिथल्या चलनाचे मोठे अवमूल्यन केले होते आणि त्या २५.५ टक्क्यांत त्याचा मोठा वाटा होता. आधीच्या नोव्हेंबरात वाढ १२.८ टक्के होती. म्हणजे वारशाने मिळालेला आकडा १२.८ धरावा लागतो. तिथून मोजले तरी घट लक्षणीयच ठरते. विरोधक दारिद्र्याकडे बोट दाखवतात: २०२३ च्या उत्तरार्धात ४१.७ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, ते प्रमाण २०२४ च्या पूर्वार्धात ५२.९ टक्क्यांवर गेले. तेही खरे, मात्र उत्तरार्धात ते ३८.१ टक्क्यांवर उतरले. सहामाही आकडा वापरताना त्याच्या अलीकडची आणि पलीकडची सहामाही वहीत उतरवल्याशिवाय मत देऊ नये.

शेजाऱ्यांशी तुलना थोडक्यात उरकता येते. २०२२ मध्ये महागाई अमेरिकेत ९.१ टक्क्यांपर्यंत आणि ब्रिटनमध्ये ११.१ टक्क्यांपर्यंत चढली. साथीनंतरची टंचाई आणि युक्रेन युद्ध यांचा फटका सर्वांनाच बसला होता, त्यामुळे एकट्या नेत्यावर खापर फोडायचे तर इतरांपेक्षा त्याच्या देशात किती जास्त चढली, तेवढेच पाहावे.

यशाची किंमत कोणी मोजली, याला वहीत स्वतंत्र रकाना असावा. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या देशात २०१५ साली दर लाख लोकसंख्येमागे शंभराहून अधिक खून होत असत. नायीब बुकेले जून २०१९ मध्ये अध्यक्ष झाले, तोपर्यंत ते प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते. मार्च २०२२ मध्ये त्यांच्या सरकारने आणीबाणी लागू केली आणि सरकारी आकड्यांनुसार २०२४ मध्ये हे प्रमाण दोनच्याही खाली गेले. त्या काळात ऐंशी हजारांहून अधिक लोकांना अटक झाली आणि आरोपीचे घटनात्मक हक्क स्थगित राहिले. रस्त्यावर निर्धास्त फिरणारा नागरिक आणि मुलाचा खटला कधी उभा राहणार हे न कळलेली आई, या दोघांचेही म्हणणे एकाच पानावर यायला हवे. आमच्या मंडळात या पानावर अजून एकमत झालेले नाही, आणि मला ते योग्यच वाटते.

आकडा कोणी मोजला, हेही पाहावे. अर्जेंटिनाच्याच सांख्यिकी संस्थेचे महागाईचे आकडे २००७ नंतरची अनेक वर्षे विश्वासार्ह मानले जात नव्हते आणि २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्याबद्दल अधिकृत नापसंती नोंदवली होती. त्याच नाणेनिधीचा जागतिक आढावा दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येतो. तो संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो, त्यामुळे तुलनेसाठी तो सोयीचा पडतो.

शेवटी आपले मत तारीख घालून लिहावे आणि कोणता आकडा आल्यास ते बदलेल, हेही शेजारी लिहावे. माझ्या वहीत मिलेई यांच्या पानावर ५२.९ टक्क्यांच्या आकड्याखाली ‘गरिबांना उद्ध्वस्त करणारे धोरण’ अशी ओळ होती. पुढच्या सहामाहीचा आकडा आल्यावर ती खोडावी लागली. खोडताना एकच रेघ मारली आहे, म्हणजे खालचे शब्द वाचता येतात.