केस वाढवायचे ठरवलेत? मग आधी एवढं करून ठेवा

तेल-शांपूच्या मागे लागायच्या आधी मेजरिंग टेप घ्या, कानामागची एक बट सरळ ताणून मुळापासून टोकापर्यंत मोजा आणि तारखेसकट मोबाईलमध्ये लिहून ठेवा. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला 15 सेंमीच्या आसपास, त्यामुळे खांद्यापासून कंबरेपर्यंत जायचं तर दोन-तीन वर्षं धरूनच चाला. आणि "महिन्यात 4 इंच" लिहिलेली बाटली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका प्लीज.

मग आई, मावशी, आत्या यांचे केस कुठपर्यंत यायचे ते विचारा. प्रत्येक केस 2 ते 6 वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते, पुढे तीनेक महिने तो नुसता बसून राहतो आणि गळतो, आणि ही वाढीची वर्षं किती हे बरंचसं अनुवंशिक असतं, म्हणून कुणाचे केस कंबरेखाली जातात आणि कुणाचे कितीही जपले तरी खांद्याखाली येऊन थांबतात. भुवयांचे केस जेमतेम काही महिनेच वाढतात, म्हणून त्या कधी लांब होत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गेल्या तीन-चार महिन्यांत मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, क्रॅश डाएट असलं काही झालंय का ते आठवून लिहा, कारण अंगावर ताण आला की पुष्कळ केस एकदम वाढ थांबवतात पण गळतात दोन-तीन महिन्यांनी, आणि तोवर आपण तो ताप विसरून शांपूला दोष देत बसतो. ही गळती बहुतेक वेळा आपोआप थांबते, घाबरू नका. रोज 50 ते 100 केस जाणं तर नॉर्मलच आहे.

गळती जास्त वाटत असेल, पाळीत रक्तस्राव खूप होत असेल तर डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), थायरॉईड तपासून घ्या. केसांसाठी बायोटिनच्या (एक बी व्हिटॅमिन) गोळ्या चालू असतील तर टेस्टच्या आधी नक्की सांगा, त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. जेवणात प्रोटीन पुरेसं हवंच.

टोकं कापल्याने केस भराभर वाढत नाहीत, वाढ मुळाशी होते, पण फाटे फुटलेलं टोक तुटत वर सरकतं आणि वाढलेली लांबी तिथेच जाते, म्हणून फाटे दिसले की थोडं ट्रिम करा. ओला केस लवकर तुटतो, तेव्हा मोठ्या दातांचा कंगवा आणून ठेवा, गुंता खालून वर सोडवत जा. घट्ट पोनी रोज नको, कपाळाजवळचे केस कायमचे जाऊ शकतात.

भांग रुंद होतोय किंवा चाई पडलीय असं दिसलं तर मात्र घरगुती प्रयोग न करता थेट स्किनच्या डॉक्टरकडे जा, जाताना आधीचे फोटो आणि चालू गोळ्यांची नावं घेऊन जा.