अमेरिकेच्या जुन्या हुंड्या आणि पावत्या : सही कुणाची, हे आधी ठरवा

अमेरिकेच्या संस्थापकांच्या सह्या जमवायच्या असतील तर खासगी पत्रांऐवजी आर्थिक कागदांपासून सुरुवात करावी. कागदावर तारीख, रक्कम आणि सही करणाऱ्याचा हुद्दा असतो, त्यामुळे खरं-खोटं पडताळायला काहीतरी हाताशी राहतं.

पहिली खरेदी म्हणून फ्रान्सिस हॉपकिन्सनची हुंडी उत्तम. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे आणि 1778 ते 1781 या काळात तो ट्रेझरर ऑफ लोन्स, म्हणजे सरकारी कर्जांचा खजिनदार होता. कर्जरोख्यांचं व्याज चुकतं करण्यासाठी पॅरिसमधल्या अमेरिकी प्रतिनिधींवर या हुंड्या काढल्या जात. 12 डॉलरच्या हुंडीवर 60 लिव्हर असा फ्रेंच चलनातला आकडाही छापलेला असतो. जहाज बुडालं किंवा शत्रूच्या हाती लागलं तरी एखादी प्रत पोचावी म्हणून एकाच हुंडीच्या चार प्रती निघत. तेव्हा 'दुसरी' किंवा 'तिसरी' असं लिहिलेली प्रत नक्कल समजून नाकारू नका. त्याच जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या जॉन हार्टची सही न्यू जर्सीच्या 25 मार्च 1776 च्या नोटांवर सापडते. मात्र नोट हातोहात फिरल्यामुळे शाई फिकटलेली असते. सही नीट वाचता येईल तीच घ्या.

सगळ्यात जास्त फसगत नावसाधर्म्यामुळे होते. कनेटिकट राज्याचा हिशेब सांभाळणाऱ्या पे टेबल ऑफिसच्या, पैसे देण्याच्या आदेशांवर 'ऑलिव्हर वॉलकॉट' दिसतं आणि घेणारा हरखून जातो. बाप आणि मुलगा, दोघांचं नाव हेच. जाहीरनाम्यावर सही केली ती बापाने. हे आदेश मुलाच्या सहीचे, जो पुढे 1795 मध्ये हॅमिल्टननंतर अर्थमंत्री झाला. मुलाची सहीही जमवण्याजोगीच आहे, पण तिला बापाच्या सहीचा भाव देऊ नका. कोण कोणत्या साली कोणत्या पदावर होता, याचं टिपण सोबत ठेवा.

आता तपासणी. दिवा बाजूने तिरपा धरा आणि 10 पट भिंगातून सही पाहा. पिसाच्या लेखणीचं टोक दाबाखाली फाकतं, त्यामुळे खाली येणाऱ्या रेघेच्या दोन्ही कडा गडद दिसतात. सही घडीवरून गेली असेल तर तिथे थांबून बघा: जुन्या घडीवर नव्याने लिहिलं तर मोडलेल्या तंतूंत शाई पसरते. घडी सहीनंतर पडली असेल तर शाई पसरत नाही, फक्त तडकते. अतिनील दिव्याखाली कागद निळसर-पांढरा चमकला तर तो विसाव्या शतकातला समजा. पण न चमकणं हा अस्सलपणाचा पुरावा नव्हे. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट स्प्रिंगने वॉशिंग्टनच्या सहीचे खोटे चेक विकले. तेही आता जुनेच आहेत.

रक्कम चुकती झाल्यावर कागदाला चीर देत किंवा भोक पाडत. त्याने बिचकू नका. फक्त ती चीर सहीतून गेली असेल तर किंमत उतरते. मागची बाजू नक्की पाहा, पैसे घेणाऱ्याची सही तिथेच मिळते. अभिलेखागाराचा शिक्का किंवा बांधणीतून फाडल्याची कड दिसली तर मालकीचा माग मिळेपर्यंत पैसे देऊ नका, कारण राज्य सरकार आपला कागद परत मागू शकतं.

कागद पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा, पीव्हीसीत कधीच नाही. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी दोन्ही वर्ज्य. त्या काळची लोहयुक्त शाई दमटपणात कागद खाते, म्हणून आर्द्रता 35 ते 50 टक्क्यांत ठेवा आणि उन्हात फ्रेम लावू नका.