कासवाच्या टँकचं पाणी नितळ कसं ठेवायचं, आणि नुसतं नितळ असून का भागत नाही

कासव घरी आलं की पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न पडतोच, काल संध्याकाळी सगळं पाणी बदललं होतं मग आज सकाळी परत गढूळ कसं काय? मलाही पडला होता आणि मी त्यावर जे केलं, म्हणजे रोज उठून टँक रिकामा करून घासायचा, तेच नेमकं चुकीचं होतं हे कळायला मला बरेच महिने लागले. म्हणून सगळं नीट लिहितेय, माझं कासव रेड इअर्ड स्लायडर आहे पण पाण्यात राहणाऱ्या बाकीच्या कासवांनाही हे जवळपास असंच्या असं लागू होतं.

आधी हे लक्षात घ्या की कासव म्हणजे मोठा मासा नाही. त्याला दात नसतात, चोच असते, त्यामुळे मोठा तुकडा असला की ते तो चोचीत धरून पुढच्या नख्यांनी ओरबाडून फाडतं आणि त्याचा सगळा चुरा पाण्यात उडतो. बरं बाहेर काढून खायला घालावं तर पाण्यातल्या कासवांना पाण्याशिवाय घास नीट गिळता येत नाही. म्हणजे खाणं पाण्यात, शी-सू पाण्यात, सुटलेली कातडी पण पाण्यातच, आणि हे सगळं माशाच्या मानाने कितीतरी जास्त. त्यामुळे माशांसाठी पुरणारा टँक आणि माशांचा फिल्टर इथे पुरत नाही, आणि गढूळ पाण्याच्या निम्म्याहून जास्त तक्रारी मला वाटतं इथेच सुरू होतात.

पाणी किती हवं याचा एक साधा हिशोब बरेच कासव पाळणारे वापरतात, कवचाच्या दर १ सेंटीमीटर लांबीला साधारण १५ लिटर पाणी. कवच १२ सेंटीमीटरचं असेल तर १८० लिटर. ऐकायला खूप वाटतं पण स्लायडरची मादी २५ सेंटीमीटरच्या पुढेही जाऊ शकते, म्हणून टँक घेताना आजचं कासव बघू नका, दोन-तीन वर्षांनंतरचं बघा. आणि १५ लिटर म्हणजे टँकमध्ये खरोखर भरलेलं पाणी, टँकची क्षमता नाही, कारण आपण ऊन खायला जागा ठेवायची म्हणून टँक काठोकाठ भरतच नाही. पाणी जितकं जास्त तितकी तीच घाण पातळ होते, एवढं साधं आहे ते. फिल्टर, औषधं, काहीही आणायच्या आधी टँकमधली पाण्याची पातळी थोडी वाढवता येते का ते बघा (त्याला वर चढायला जागा आणि बाहेर उडी मारता येणार नाही एवढा काठ ठेवून), ह्याला काहीच लागत नाही आणि फरक लगेच दिसतो.

फिल्टर घेताना खोक्यावर जेवढ्या लिटरचा लिहिलेला असतो तो माशांच्या हिशोबाने असतो. कासवाला त्याच्या दुप्पट-तिप्पट धरायचा, म्हणजे १८० लिटर पाणी असेल तर ४०० ते ५०० लिटरवाला. शक्य असेल तर कॅनिस्टर फिल्टर घ्या, तो टँकच्या बाहेर असतो, त्यात मटेरियल भरपूर मावतं आणि कासव त्याची मोडतोड करू शकत नाही. आत मटेरियल लावायचा क्रम महत्त्वाचा आहे, पाणी आधी जाड स्पंजमधून जायला हवं म्हणजे मोठी घाण तिथेच अडकते, मग बारीक स्पंज, मग सिरॅमिक रिंग्ज, आणि सगळ्यात शेवटी फिल्टर वूल, तो पांढरा कापसासारखा. पाण्याला काचेसारखा नितळपणा येतो तो खरं तर ह्या वूलमुळेच, पण तो लवकर भरतो, भरला की पाण्याचा फोर्स कमी होतो, तेव्हा तो धुत बसू नका, टाकून नवीन लावा. आणि एक गोष्ट सगळे विसरतात, पाणी आत ओढणारा पाइप टँकच्या एका टोकाला आणि बाहेर सोडणारा दुसऱ्या टोकाला ठेवा. दोन्ही शेजारी-शेजारी असले तर स्वच्छ झालेलंच पाणी परत फिल्टरमध्ये जातं आणि लांबच्या कोपऱ्यात गाळ तसाच साचत राहतो.

आता मुख्य मुद्दा, आणि ह्याच्यासाठीच मी हे लिहायला बसले. पाणी नितळ असणं आणि पाणी चांगलं असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कासवाच्या शी-सूतून आणि कुजणाऱ्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो डोळ्यांना दिसत नाही. फिल्टरमधल्या रिंग्जवर आणि स्पंजवर जे बुळबुळीत लागतं ना, त्यात राहणारे बॅक्टेरिया त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, मग दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट करतात जे त्या मानाने बरंच सौम्य असतं आणि आपण पाणी बदलून ते बाहेर काढतो. म्हणजे फिल्टर हा नुसता गाळणी नाही, त्यात जिवंत वस्ती आहे.

मी काय करायचे, दर रविवारी फिल्टर उघडून सगळे स्पंज नळाखाली पांढरेशुभ्र होईपर्यंत धुवायचे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते असतंच जंतू मारायला, त्यामुळे ती सगळी वस्ती दर आठवड्याला मरत होती. पाणी दिसायला एकदम काचेसारखं, पण कासव डोळे मिटून बसायला लागलं, खाईना. ड्रॉप्सवाली टेस्ट किट आणून बघितलं तर अमोनिया चांगलाच चढलेला. त्या नितळ पाण्यात ते किती दिवस डोळ्यांची आग सहन करत बसलं असेल हे मनातून जात नाही. डॉक्टरकडे न्यावं लागलं, बरं झालं ते, पण तेव्हापासून मी पाण्याच्या रंगापेक्षा टेस्टवर विश्वास ठेवते. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएमच्या (म्हणजे दर दहा लाख भागांत ४० भाग) खाली, एवढं पाहिजे. आणि पाणी जितकं गरम आणि पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) जितका जास्त तितका तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

म्हणून स्पंज आणि रिंग्ज धुवायच्या त्या टँकमधून काढलेल्या जुन्या पाण्यात, बादलीत दोन-तीनदा पिळायच्या, बस. काळपट राहिल्या तरी चालेल, राहू द्या. आणि सगळं एकाच दिवशी धुवायचं नाही, ह्या वेळी स्पंज, पुढच्या वेळी रिंग्ज. रिंग्ज तुटेपर्यंत बदलायची गरज नसते.

नवीन टँक असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी वगैरे पाणी दुधाळ होतं, पाण्यात थोडं दूध टाकल्यासारखं. घाबरून जाऊ नका, ते पाण्यात तरंगणारे बॅक्टेरिया आहेत, वस्ती अजून बसायची आहे. ती बसायला ४ ते ६ आठवडे लागतात आणि ह्या काळात जो रोज सगळं पाणी फेकतो त्याचा टँक कायम पहिल्याच दिवसावर राहतो. टेस्ट करत राहा, अमोनिया किंवा नायट्राइट चढलं तर थोडं-थोडं पाणी बदला, फिल्टरला हात लावू नका, खाणं कमी द्या. ओळखीत कोणाचा जुना निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला एखादा वापरलेला स्पंज मागून आपल्या फिल्टरमध्ये ठेवा, आणताना ओला ठेवा, ह्याने बरेच दिवस वाचतात.

टँक बसला की आठवड्यातून एकदा पाव ते एक तृतीयांश पाणी बदलायचं. समजा नायट्रेट ४० आहे आणि पाव पाणी बदललं तर ते ३० होतं, म्हणून टेस्टमध्ये आकडा सारखा वर जात असेल तर समजायचं की बदल कमी पडतोय. उडून गेलेलं पाणी वरून भरणं म्हणजे पाणी बदलणं नाही हं, पाणी उडतं, नायट्रेट तिथेच राहतं, उलट घट्ट होत जातं. नवीन पाण्यातलं क्लोरीन घालवायला डिक्लोरिनेटरचे थेंब टाका, किंवा बादली एक दिवस उघडी ठेवली तरी क्लोरीन उडतं, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन टाकतात ते असं उडत नाही, त्याला थेंबच लागतात. पाणी जुन्याइतकंच कोमट असू द्या. आणि उपसायच्या आधी हीटर बंद, कारण चालू हीटर पाण्याबाहेर आला की त्याची काच तडकते.

खाण्याबद्दल थोडं कडक व्हावं लागतं. कासव आपल्याला बघितलं की हात-पाय मारत काचेपाशी येतं आणि वाटतं बिचारं उपाशी आहे, नसतं. पेलेट, म्हणजे कासवाच्या तयार खाण्याच्या गोळ्या, त्याच्या डोक्याएवढ्या मापात, पिल्लू असेल तर रोज, मोठं असेल तर एक दिवसाआड, आणि १५ मिनिटांत जे उरेल ते जाळीने काढून टाका. वेगळ्या टबात तितक्याच कोमट पाण्यात खायला घातलं तर टँक फारच स्वच्छ राहतो, बरीच कासवं शी पण तिथेच करून मोकळी होतात. पण काही कासवं उचललं की बिथरतात आणि खातच नाहीत, माझं त्यातलंच, त्याला जबरदस्ती करू नका.

तळाला बारीक खडी नको. दिसते छान पण सगळा गाळ तिच्यात बसतो, आणि कासवं खडे गिळतात आणि ते पोटात अडकतात. एकतर तळ मोकळा ठेवा किंवा कासवाच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे ठेवा, मोकळ्या तळावरचा गाळ सायफनच्या नळीने दोन मिनिटांत ओढून होतो. नळी तोंडाने ओढू नका, अजिबात नाही, कासवं दिसायला ठणठणीत असली तरी त्यांच्यात साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो, हातपंप असलेली नळी मिळते ती घ्या. टँकच्या कामाची बादली वेगळी ठेवा, काहीही किचनच्या सिंकमध्ये धुवू नका आणि नंतर साबणाने हात, लहान मुलांचे तर नक्की.

पाणी हिरवं झालं तर ते शेवाळं, त्याला उजेड आणि नायट्रेट दोन्ही लागतं. टँक खिडकीजवळून हलवा, पाण्यावरचा लाइट कमी तास लावा, पण ऊन खायच्या जागेवरचा यूव्हीबी दिवा (उन्हातले अतिनील किरण देणारा) बंद करू नका, तो कासवाला हवाच असतो. एवढं करूनही हिरवं राहिलं तर फिल्टरच्या पाइपला जोडायचा यूव्ही क्लॅरिफायर खरंच काम करतो, फक्त तो बंद डब्यातला असावा, त्याचा दिवा कासवाला दिसता कामा नये. पाणी चहासारखं पिवळसर झालं तर बहुतेक टँकमधल्या लाकडाचा रंग उतरतोय, त्याने अपाय नाही, नको असेल तर फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा, तो काही आठवड्यांनी संपतो मग बदला. वर तेलकट तवंग येत असेल तर फिल्टरचं पाणी वरच्या थराला हलवेल असं सोडा. पांढरे पातळ तुकडे तरंगत असतील तर ती कात आहे, काळजी नको, जाळीने काढा. पाण्यात कॅल्शियमचा ब्लॉक टाकलेला असेल आणि पाणी धुरकट दिसत असेल तर आधी तो ब्लॉक बाहेर काढून बघा, बऱ्याचदा तोच विरघळत असतो.

पाणी एका दिवसात नितळ करणारी लिक्विडं मिळतात, ती तरंगणारी घाण एकत्र चिकटवतात म्हणजे फिल्टरला पकडता येते, पण अमोनिया आहे तिथेच राहतो, म्हणून मी वापरत नाही.

अजून एक, वीज बरेच तास गेली तर कॅनिस्टर बंद पडून आतले बॅक्टेरिया ऑक्सिजनविना मरतात आणि आतलं पाणी सडतं. वीज आल्यावर तसाच चालू केला तर ते सगळं सरळ टँकमध्ये येतं. आधी उघडा, आतलं पाणी ओता, मटेरियल टँकच्या पाण्यात हलकं पिळा, मग चालू करा, आणि पुढचे आठ-दहा दिवस रोज अमोनिया बघत जा.