भाडेवाढ महागाईवर ठरवताय? आकडा वाचताना या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेत आमच्या ओळखीच्या एक काकू वरच्या दोन खोल्या भाड्याने देतात. भाडं 9,000 रुपये. करारात एवढंच लिहिलेलं: ‘दरवर्षी महागाईच्या दराने भाडं वाढेल.’ ऑगस्ट 2023 मध्ये या एका ओळीवरून वाद झाला आणि दोघंही कागद घेऊन माझ्याकडे आले.

काकूंनी ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे घरखर्चाच्या किमती किती चढल्या हे दाखवणारा सरकारी आकडा, शोधला होता. जुलै 2022 ला 173.4, जुलै 2023 ला 186.3. वजाबाकी 12.9, म्हणून 12.9 टक्के वाढ, म्हणजे 1,161 रुपये. भाडेकरू म्हणाले, “काकू, बातमीत तर महागाई उणे 1.36 टक्के आलीये. भाडं कमी व्हायला हवं.” दोघंही प्रामाणिक, दोघांचेही आकडे सरकारी, आणि दोघांचाही हिशेब चुकलेला.

काकूंची चूक सगळ्यात जास्त दिसते. 12.9 हे निर्देशांकाचे अंक आहेत, टक्के नव्हेत. घरखर्चाच्या वस्तू-सेवांची जी टोपली 2012 साली 100 धरली, ती तेव्हा 186.3 वर होती. टक्के काढायचे तर ते 12.9 आधीच्या 173.4 ने भागायला हवेत. उत्तर 7.44 टक्के, म्हणजे 670 रुपये. एका भागाकाराने जवळजवळ पाचशे रुपयांचा फरक पडला.

भाडेकरूंचा आकडा घाऊक किंमत निर्देशांकाचा होता. तो वाणिज्य मंत्रालय काढतं; त्यात कारखान्याच्या आणि ठोक बाजाराच्या किमती असतात, घरभाडं, डॉक्टरची फी, शाळेचा खर्च नसतो. ग्राहक निर्देशांक राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा, एरवी महिन्याच्या 12 तारखेला येणारा. त्या ऑगस्टमध्ये 12 तारखेला शनिवार आला आणि दोन्ही आकडे सोमवारी, 14 ला, एकाच दिवशी बाहेर पडले. गोंधळ होणं साहजिकच होतं. बातमीत ‘घाऊक’ की ‘किरकोळ’ हा शब्द आधी शोधा, मगच टक्क्याकडे बघा.

बरं, 7.44 तरी इंदूरच्या घराला लागू होतो का? तो गाव आणि शहर मिळून एकत्रित आकडा. त्याच महिन्यात ग्रामीण दर 7.63 होता, शहरी 7.20. 2012 च्या त्या मालिकेत शहरी निर्देशांकात घराचा भार, म्हणजे टोपलीतला वाटा, 21.67 टक्के होता आणि ग्रामीणमध्ये घरभाडं धरलेलंच नव्हतं. शहरातल्या भाड्यासाठी मी शहरी आकडाच घेईन. काकूंच्या करारात ‘कोणता’ हे लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्या वर्षी दोघांनी एकत्रित दर मान्य केला.

पुढच्या जुलैत दुसरा प्रश्न आला. दर 3.54 टक्क्यांवर उतरला. “महागाई अर्ध्यावर आली, मग भाडं खाली का नाही?” असं भाडेकरूंनी विचारलं. मला ही चूक सर्वात महत्त्वाची वाटते, कारण ती शिकलेली माणसंही करतात. दर उतरला याचा अर्थ किमती उतरल्या असा नाही, वाढण्याचा वेग कमी झाला. निर्देशांक 186.3 वरून 192.9 वर चढलाच होता. शिवाय तुलना ज्या जुलै 2023 शी होती, तो टोमॅटो भडकल्याचा महिना. चोइथराम मंडीत तेव्हा भाजी घेणाऱ्यांना तो चांगला आठवत असेल. एका महिन्यात निर्देशांक 181.0 वरून 186.3 वर उडाला होता. मागचा आकडा इतका उंच असला की पुढचा दर आपोआप ठेंगणा दिसतो. म्हणून एक वर्ष न बघता दोन वर्षं बघा: 192.9 भागिले 173.4, वाढ 11.25 टक्के, भाडं 10,012. दोन वर्षांचे दर नुसते जोडले तर 10.98 येतात, तेही चूक. वाढीवर वाढ होते.

निवृत्त काकांसाठी वेगळी सूचना. महागाई भत्ता या निर्देशांकावर नाही, श्रम ब्यूरोच्या औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावर ठरतो, तोही अखिल भारतीय. इंदूर केंद्राचा आकडा बघून भत्त्याचा अंदाज बांधू नका. सप्टेंबर 2020 पासून त्याचं पायाभूत वर्ष, म्हणजे निर्देशांक 100 धरलेलं वर्ष, 2001 ऐवजी 2016 आहे. जुन्या आकड्याशी जुळवायचं तर नव्याला 2.88 या जोड-गुणकाने गुणा. हे न केल्यामुळे ‘निर्देशांक कोसळला’ अशी समजूत झालेली मी पाहिली आहे.

आणि ‘प्राथमिक’ लिहिलेला आकडा नंतर थोडा बदलतो. करारासाठी अंतिमची वाट बघा.

काकूंच्या नव्या करारातली ओळ आता अशी आहे: ‘अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांक, शहरी, सर्वसाधारण; या जुलैचा अंतिम आकडा भागिले मागच्या जुलैचा अंतिम आकडा, त्याने चालू भाड्याला गुणावे; पायाभूत वर्ष बदलल्यास सरकारने दिलेला जोड-गुणक वापरावा.’ ओळ लांबलचक आहे, पण दोघांनीही ती वाचून सही केली.