क्लाउनफिशची पिल्लं तिसऱ्या-चौथ्या दिवशी का मरतात? या चुका टाळा

अंडी घातल्यापासून सातव्या-आठव्या रात्री दिवा मालवला की तासा-दोन तासांत टाकीभर चंदेरी कण तरंगायला लागतात. जेमतेम 3-4 मिलिमीटरची पिल्लं ती. बघताना फार आनंद होतो, आणि चौथ्या दिवशी तीच पिल्लं तळाशी पांढरट थर होऊन पडलेली दिसतात. माझ्या पहिल्या तीन खेपा अशाच गेल्या. प्रत्येक वेळी मी पिल्लांच्या टाकीत दोष शोधत होते. दोष शेजारच्या बादलीत होता, जिथे मी रोटिफर, म्हणजे पिल्लांचं पहिलं खाद्य असलेले सूक्ष्म जलजीव, वाढवत होते.

सगळ्यात जास्त खेपा एकाच चुकीनं जातात: अंडी दिसल्यावर रोटिफर वाढवायला घेणं. 26 ते 28 अंश सेल्सिअसला अंडी 6 ते 8 दिवसांत फुटतात, आणि नवीन बादली तेवढ्यात भरवशाची होत नाही. ती निदान दोन-तीन आठवडे आधीपासून नीट चालू हवी. तीही एक नको, दोन हव्यात, कारण धडधाकट दिसणारी बादली एका रात्रीत बसते, म्हणजे तिच्यातले रोटिफर मरून जातात. बसण्याआधी ती खुणा देते, त्या वाचायला शिका. काचेच्या पेल्यात थोडं पाणी घ्या, मागून टॉर्च धरा आणि भिंगातून बघा. चांगल्या बादलीतल्या बऱ्याच रोटिफरांच्या शेपटीकडे अंडं चिकटलेलं दिसतं. अंडी वाहणाऱ्या माद्या कमी झाल्या, पाण्यावर फेस टिकून राहायला लागला, वास बदलला, की बादली उतरणीला लागली असं समजा आणि त्याच दिवशी रोटिफर गाळून स्वच्छ पाण्यात नवीन बादली लावा.

दुसरी चूक कळायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. पिल्लांची पोटं भरलेली, पाणी ठीक, आणि सहाव्या-सातव्या दिवशी सकाळी दिवा लागताच काही पिल्लं गरगर फिरून तळाला जातात. असं झालं की पहिला संशय डीएचए या मेदाम्लावर घ्या. आपण रोटिफरना बहुधा नॅनोक्लोरोप्सिस हे हिरवं शेवाळ देतो. त्यात ईपीए हे दुसरं मेदाम्ल भरपूर असतं, पण डीएचए जवळपास नसतंच. यीस्टवर वाढवलेल्या रोटिफरांमध्येही ते नसतं. म्हणून पिल्लांना देण्याआधी रोटिफरना काही तास आयसोक्रायसिस हे डीएचए असलेलं शेवाळ किंवा डीएचए असलेलं तयार पोषण द्या आणि मग लगेच वापरा. उपाशी रोटिफर काही तासांतच पुन्हा पोकळ होतो.

अमोनियाचा सापळा वेगळाच आहे. पिल्लांच्या टाकीतला सामू, म्हणजे पीएच, हळूहळू घसरतो तेव्हा बराचसा अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पाणी खराब झालंय म्हणून घाबरून आपण एकदम निम्मं पाणी बदलतो. नव्या पाण्याचा सामू 8.2 असतो, आणि टाकीत उरलेला अमोनिया तिथल्या तिथे विषारी रूपात जातो. मग पाणी बदलल्यामुळे पिल्लं मेली असं वाटतं, आणि ते खोटंही नसतं. बारीक नळीतून थेंबथेंब, रोज थोडं पाणी बदला. तळाचे मेलेले रोटिफर आणि पिल्लं सायफननं काढा. अमोनिया बांधणारं औषध हाताशी ठेवा. रोटिफर ओतताना बादलीतलं पाणी टाकीत जाऊ देऊ नका, गाळून घ्या. घाण बहुतेक तिथूनच येते.

प्रकाशाकडे कोणी फारसं बघत नाही. सगळी पिल्लं एकाच भिंतीला डोकं घासत असतील, तर त्या बाजूनं उजेड येतोय किंवा काच चमकतेय. बाजूंना काळा कागद लावा, दिवा वरून आणि मंद ठेवा. शेवाळाची हलकी हिरवी छटाही इथे मदत करते. सगळं जमलं की नाही हे पिल्लूच सांगतं: शिकार दिसली की ते शरीराचा इंग्रजी एससारखा बाक करतं आणि झेप घेतं. पहिल्या दिवशी असे बाक दिसले नाहीत, तर रोटिफर कमी आहेत. मिलिलिटरला 5 ते 10 असावेत.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पिल्लं जाळ्यानं उचलू नका, भांड्यानं पाण्यासकट उचला. हवेचे बुडबुडे सेकंदाला एक-दोन पुरेत. आर्टिमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी, पहिल्या दिवसापासून देऊ नका. ती तोंडात मावत नाही. पाचव्या-सातव्या दिवसापासून ताजी फुटलेली द्या, टरफलं वेगळी करून, आणि रोटिफर आणखी काही दिवस चालू ठेवा.

हीच कृती सगळ्या माशांना लावणं ही मात्र मोठी चूक ठरेल. बटू एंजलफिशची अंडी पाण्यात तरंगतात आणि दिवसभरात फुटतात. पिल्लांना तेव्हा तोंडही नसतं, डोळेही तयार नसतात. पुढे त्यांना रोटिफरही मोठा पडतो. कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी जिवांची अगदी बारीक पिल्लं लागतात. पिवळा टँग हा मासा 2015 पर्यंत बंदिस्त पाण्यात वाढवता आला नव्हता, त्यामागे हीच मोठी अडचण होती. उलट बांगाई कार्डिनल या माशात नर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो, आणि बाहेर पडलेलं पिल्लू थेट आर्टिमिया खातं. नवख्यांनी तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. फक्त आर्टिमियालाही डीएचए खाऊ घाला, नाहीतर दचकून मरणारी पिल्लं तिथेही दिसतील.

आज रात्री अंडी फुटणार असतील आणि बादलीत रोटिफर विरळ असतील, तर ही खेप वाढवायला घेऊ नका. जमलेली जोडी साधारण दोन आठवड्यांत पुन्हा अंडी घालते. तोवर दोन्ही बादल्या भरा.