पुढे धावणारे चावीचे घड्याळ

माझे ताशी 18,000 ठोक्यांचे चावीचे घड्याळ अचानक दिवसाला सहा-सात मिनिटे पुढे जाऊ लागले. रेग्युलेटरचा (घड्याळाची गती जुळवणाऱ्या भागाचा) काटा उणे बाजूला सरकवणे हा सोपा उपाय वाटतो. पण एरवी काही सेकंदांत राहणारे घड्याळ एकाएकी मिनिटांनी पळू लागले, तर दोष बहुधा जुळवणीत नसून हेअरस्प्रिंगमध्ये, म्हणजे बॅलन्स व्हील या मागेपुढे डोलणाऱ्या चाकाच्या बारीक गुंडाळलेल्या स्प्रिंगमध्ये, असतो. या स्प्रिंगचे वेढे चुंबकत्वामुळे किंवा सांडलेल्या तेलामुळे एकमेकांना चिकटले, की तिची कार्यकारी लांबी कमी होते आणि बॅलन्स व्हीलची आंदोलने जलद होतात.

म्हणून प्रथम घड्याळ होकायंत्राजवळ धरले. पोलादी भागांमुळे सुई थोडी हलतेच, मात्र इथे ती बॅलन्सच्या तालावर थरथरत होती, आणि हीच खरी खूण. टॅब्लेटच्या चुंबकी कव्हरवर घड्याळ रोज ठेवले जात होते, हे कारणही मग उघड झाले.

स्वस्त डीमॅग्नेटायझर (चुंबकत्व घालवणारे उपकरण) पुरेसा ठरला. बटण दाबून घड्याळ त्यावर धरायचे, दाब कायम ठेवून हातभर अंतरापर्यंत सावकाश दूर न्यायचे आणि मगच बटण सोडायचे. कारण उलटसुलट होणारे चुंबकीय क्षेत्र क्रमाक्रमाने क्षीण झाले, तरच पोलादातील चुंबकत्व नाहीसे होते, आणि बटण मध्येच सुटले तर ते उलट वाढूही शकते. त्यानंतर घड्याळ पूर्ववत चालू लागले. तसे झाले नसते, तर तेलाचा संशय धरून ते कारागिराकडे सफाईला द्यावे लागले असते. हेअरस्प्रिंगला घरी चिमटा लावू नये.