सफाई कामगारांच्या कामाची कदर कशी करावी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर ओसरल्यावर सांगलीच्या गल्ल्यांतला चिखल कोणी उपसला, हे आठवले तर सफाई कामगारांची कदर दिवाळीच्या पाकिटापुरती ठेवता येत नाही.

सुरुवात कचऱ्याच्या डब्यापासून करावी. ओला व सुका कचरा वेगळा ठेवणे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बंधनकारक केले. फुटलेल्या काचेचा विचार मात्र फारसे कोणी करत नाही. ती जाड कागदात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून वर ठळक अक्षरांत ‘काच’ असे लिहावे आणि घंटागाडीवर देताना तसे सांगावेही, कारण पिशवी उचलणारा हात ती दाबूनच उचलतो.

अपार्टमेंटचा जिना आणि शौचालय धुणाऱ्या मावशींना रबरी हातमोजे त्यांच्या मापाचे आणून द्यावेत. सैल मोजे ओले झाले की निसटतात, म्हणून त्या ते काढून ठेवतात आणि सोसायटीच्या बैठकीत ‘दिले तरी वापरत नाहीत’ अशी तक्रार होते, जी मला अन्यायकारक वाटते. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. ही दोन्ही कधीही एकत्र वापरायला सांगू नयेत.

सेप्टिक टँक सक्शन गाडीनेच उपसून घ्यावी. संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवणे हा हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

पगार ठरल्या तारखेला, हक्काच्या सुट्टीसह द्यावा. चहा देताना त्यांच्यासाठी निराळा कप ठेवू नये.